देवीच्या दारातून शाळेत

श्रावणी भोईर, इयत्ता नववी, गाव वळ, तालुका भिवंडी. गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळी पावणेसात. शाळेला निघालेली ही मुलगी सायकलवरून रस्त्याच्या अगदी कडेने चालली होती. गोदामाच्या फाटकात शिरण्यासाठी एक लांबलचक ट्रेलर मागे येत होता. त्याच्या मागे उतरून रस्ता बघायला कोणी नव्हतं. मागच्या चाकाखाली सायकल गेली आणि सायकलबरोबर श्रावणीचं उजवं पाऊल. ट्रेलरवाला थांबला, घाबरला, त्यानेच तिला उचलून रिक्षात घातलं. एवढं त्याच्या बाजूने सांगून ठेवते. पण त्यानंतर गावात, शाळेत, चहाच्या टपरीवर जो तो एकच प्रश्न विचारत राहिला: पोरीने सायकल अजून कडेला का घेतली नाही?

अजून कडेला उघडं गटार आहे. हे मी स्वतः पडून पाहिलंय. त्याबद्दल पुढे.

हे लिहितेय ते वळला कधी न गेलेल्यांसाठी. तुमच्या घरी खोक्यातून येणाऱ्या पुष्कळशा वस्तू वळच्या आसपासच्या गोदामांत मुक्काम करून येतात. तुम्ही गेला नसलात तरी तुमचा मिक्सर तिथे जाऊन आलेला असतो.

मी गडहिंग्लजची. आमचा सात-आठ जणांचा गट आहे, मुलांनी शाळेत सुरक्षित आणि धूर न करता जावं म्हणून आम्ही पत्रकं काढतो, सभा घेतो, अधिकाऱ्यांची डोकी खातो. आमचं एक पत्रक फिरत फिरत श्रावणीच्या वर्गशिक्षिकेकडे, नसीम मॅडमकडे पोचलं. त्यांचा फोन आला. पत्रकाचं कौतुक वगैरे काही नाही. म्हणाल्या, माझी एक हुशार मुलगी घरी बसलीय. पाय बरा झालाय, पण घरचे पाठवत नाहीत. म्हणतात नववी राहू दे, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीला बसवू. तुमच्या पत्रकात यावर काही उपाय आहे का?

नव्हता. म्हणून मी गेले.

कशेळी

ठाण्याहून रिक्षा केली. कशेळीच्या खाडीपुलावर ती थांबली आणि मग थांबलेलीच राहिली. पुढे ट्रेलर, मागे टँकर, उजवीकडे कुठल्याशा कंपनीच्या कामगारांची बस, आणि मधल्या फटीतून मोटारसायकली, एकेकीवर तीन-तीन शाळकरी पोरं, पुढच्याच्या मांडीवर दप्तरं. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. खाली खाडीचं पाणी शांत, तिवरांत एक बगळा एका पायावर उभा. इतक्या गोंगाटात त्यालाच काय ती उसंत.

रिक्षावाला मूळचा जौनपूरचा, भिवंडीत जन्म गेलेला. मी कशासाठी आलेय ते विचारलं, मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मॅडम, यहाँ पैदल जल्दी पहुँचेगा. मगर पैदल जाना किधर से, वो बताओ."

आमच्या एका वर्षाच्या सभांचा सारांश त्याने सिग्नलशिवाय थांबलेल्या रिक्षात सांगून टाकला. मला राग आला, कोणाचा ते ठरवता येईना. पुलावर चालणाऱ्यासाठी म्हणून सोडलेली पट्टी शोधत होते. ती होती. तिच्यावर एका टपरीने संसार थाटला होता आणि टपरीच्या पुढे बंद पडलेला टेम्पो.

कामतघर

नसीम मॅडमचं घर कामतघरला. मॅडम पन्नाशीच्या, कोकणी मुसलमान, घरात मराठी बोलतात तीही अशी की मध्येच एखादा उर्दू शब्द गूळ घातल्यासारखा येतो. त्यांच्या सासऱ्यांचे कधीकाळी लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. आता खालच्या मजल्यावरचे लूम दुसऱ्याला दिलेत, पण आवाज घरातच राहतो. खटखट खटखट. पहिल्या जेवणाच्या वेळी मी दर वाक्य दोनदा विचारत होते. मॅडम हसून म्हणाल्या, उद्यापर्यंत कान शिकतील. शिकले.

जेवायला तांदळाची भाकरी, खिमा आणि शेवटी सांदण. सांदण म्हणजे तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या दुधातलं, उकडलेलं, हलकं गोड. आमच्याकडे भाकरी ज्वारीची आणि ती मोडताना आवाज होतो. ही भाकरी रुमालासारखी दुमडते. मी चार खाल्ल्या, मॅडमच्या सासूबाईंनी पाचवी न विचारता वाढली आणि कोल्हापूरकडच्या पोरी खात नाहीत असा माझ्या जिल्ह्यावर ठपका ठेवला.

सकाळी गच्चीवरून गल्ली बघितली. इथे मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. गल्ली इतकी अरुंद की मोठी गाडी शिरतच नाही. रात्रपाळी सुटलेले कारागीर ओट्यांवर चहा पीत बसलेले, केसांवर कापसाची रुई. त्यांच्यामधून पोरांची रांग शाळेला चाललेली. कोणी एकाच्या दप्तराचा बंद नीट करतंय, कोणी दुसऱ्याला तुझा बाप कुठाय रे म्हणून दटावतंय. या पोरांना कोणी सोडायला आलेलं नव्हतं, पण सोडणारे पन्नास होते. आमच्या गावी पोरं उसाच्या बांधावरून सायकली हाणतात, तिथेही असंच. कोणीतरी शेतात वाकलेलं असतं, मान वर करून बघतं, पोर पुढे जातं.

मॅडमना म्हटलं, मग इथे अडचण काय? त्या म्हणाल्या, इथे नाही गं. गल्ली संपते ना, तिथे माणसं संपतात.

वळ

मॅडमची शाळा वळच्या पलीकडे. त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले नाही. वळ गावातून पोरांबरोबर निघाले, त्यांच्या रस्त्याने, त्यांच्या वेळेला. माझ्या खांद्यावर शबनम पिशवी, पिशवीत पत्रकं. पत्रकावर ठळक अक्षरांत: पायी चला, सायकल चालवा, धूर टाळा.

दहा-बारा मुलं होती. पुढे आफरीन, श्रावणीची वर्गातली जिवाभावाची मैत्रीण. तिचे वडील एका गोदामात माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवतात, चार वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातल्या गोंड्याहून आले. आफरीन मराठी शाळेत शिकते, मराठी वळची बोलते, रागावली की हिंदीत जाते. डिसेंबरपासून रांगेच्या पुढे तीच असते.

गाव संपलं आणि भिंत सुरू झाली. किती लांब भिंत ते मोजायचा मला कंटाळा आला. पत्र्याची उंच छपरं, भिंतीवर तारा, तारांवर अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. भिंतीला चिकटून रस्ता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रेलर उभे, आत घ्यायची पाळी येईपर्यंत. ड्रायव्हर कोणी चाकाशेजारी स्टोव्ह पेटवून डाळ शिजवतोय, कोणी आरशात बघून दाढी करतोय. माणसं वाईट नाहीत. एकाने पोरांना हाक मारून पुढचा ट्रेलर आता हलणार म्हणून सांगितलंसुद्धा. पण उभ्या ट्रेलरने कड खाल्ली की पोर मधोमध येतं, आणि मधोमध चालता ट्रेलर असतो.

आफरीनने मला नियम सांगितले. पुढच्या चाकाकडे बघायचं, ड्रायव्हरकडे नाही. चाक वळायला लागलं की थांबायचं. ट्रेलरच्या खालून जायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. लहानांचा हात धरायचा पण दप्तर धरायचं नाही, दप्तर निसटतं. चौदा वर्षांची मुलगी हे पाढ्यांसारखं म्हणत होती. आमच्या पत्रकात यातलं एक वाक्य नाही.

एक ट्रेलर मागे यायला लागला. पोरं सराईतपणे भिंतीला चिकटली. मी चिकटायला गेले आणि गटारात गेले. गुडघ्यापर्यंत. काळं, तेलकट पाणी. पाय निघाला, कोल्हापुरी चप्पल राहिली. पोरं आधी घाबरली आणि मग इतकी हसली की दोघांना खाली बसावं लागलं. आफरीनने काठीने चप्पल शोधली, मिळाली नाही. एक दुसरीतली मुलगी गंभीरपणे म्हणाली, ताई, ती आता खाडीत जाल. मी एका पायात चप्पल आणि एका पायात चिखल अशी शाळेत पोचले. पाऊण तास लागला. नसीम मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आता तुला पत्रक लिहिता येईल."

शाळेच्या मागच्या बाजूला हातपंपावर पाय धुतले. तिथून समोर पाहिलं तर गोदामाची तीच भिंत, तिची पलीकडची बाजू. आणि भिंतीच्या मागे, अगदी हाकेच्या अंतरावर, वळमधलं पाण्याच्या टाकीचं टोक दिसत होतं.

म्हणजे गाव इथे होतं. शाळा इथे होती. मधे फक्त गोदाम.

श्रावणीच्या घरी

श्रावणीची आई सुनंदावहिनी गोदामातच खोकी भरायच्या कामाला, त्या दिवशी दुपारच्या शिफ्टला होत्या म्हणून घरी भेटल्या. वडील टेम्पो चालवतात. भोईरांची जमीन इथे पुष्कळ, पण यांचा हिस्सा श्रावणीच्या आजोबांनीच लवकर आणि स्वस्तात विकून टाकला. ज्या थोरल्या चुलत घराने जमीन न विकता भाड्याने दिली, ते आता गावचे शेठ. त्या घरातले हिराजी नाना म्हणजे श्रावणीचे चुलत आजोबा. जिच्यामुळे मुलांना शाळेला पाऊण तास चालावं लागतं ती भिंत नानांच्या जमिनीवर उभी आहे. नानांची नातवंडं ठाण्याच्या शाळेत गाडीने जातात. गाडीही त्याच ट्रेलरांच्या रांगेत अडकते, पण काच वर असते.

वहिनींनी मला बघताच विचारलं, चप्पल कुठाय. मग माझ्यासाठी बाहेरच्या नळाखाली बादली आली, त्यांच्या रबरी सपाता आल्या आणि वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी आली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. पहिला घास नाकात गेला, दुसरा डोळ्यांत आला, तिसऱ्यानंतर मी थांबले नाही.

श्रावणी खाटेवर बसून भूमितीचं काहीतरी करत होती. पायाला प्लास्टर नव्हतं आता, नुसता पट्टा. चालताना किंचित लंगडते. सायकल भिंतीला खुंटीवर टांगलेली, मागचं चाक पापडासारखं वाकडं. विकायची नाही म्हणते, उगाच टांगलीय असंही म्हणत नाही.

मी सवयीने तिला पत्रक दिलं. तिने वाचलं, उलटं करून मागेही पाहिलं.

"पायी चला लिवलंय," ती म्हणाली. "आमी चालतावच की ताई. सायकल पण चालवली. धूर पण आमी न्हाय केला. मग माझा पाय कुनी मोडला?"

वहिनी तिला गप्प बस म्हणाल्या. मी म्हटलं, बोलू दे. ती काही जास्त बोलली नाही, परत भूमितीकडे गेली. पण मला तिथून उठवेना. आम्ही शहरातल्या आईबापांना गाड्या सोडा म्हणून विनवतो. इथे गाडी नसलेली मुलं आपोआप तेच करतात जे आम्हाला हवंय, आणि त्याची शिक्षा म्हणून एकेक जण मोटारसायकलवर ट्रिपल सीट बसायला लागतो किंवा कोंबलेल्या व्हॅनमध्ये किंवा घरी. वळमध्ये डिसेंबरनंतर तीन घरांनी मुलांसाठी स्कूटी घेतली. मुलांना लायसन्सचं वय नाही. गावात कोणी त्याला चूक म्हणत नाही, कारण पर्याय तो ट्रेलर आहे.

वहिनींनी नंतर मोरीजवळ हळू आवाजात सांगितलं, तिला घरी ठेवावंसं त्यांना वाटत नाही. स्वतः सातवी. पण दररोज सकाळी खोकी भरताना बाहेर ब्रेकचा आवाज आला की हात थांबतात, आणि हात थांबले की सुपरवायझर ओरडतो. म्हणाल्या, पोरगी घरात असली की हात चालतात.

दार

दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता भिंतीला फेरी मारायची ठरवली. गावाच्या अंगाने, जिथून कोणी जात नाही. तिथे रस्ता नाही, नुसतं रान आणि बाभळी. श्रावणी म्हणाली मी येते. वहिनींनी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. हळूहळू निघालो.

भिंतीच्या मध्यावर एक लहान लोखंडी दार दिसलं. इतकी मोठी करडी भिंत आणि मधेच हे दार शेंदरी रंगाचं. वर वाळलेल्या आंब्याच्या पानांचं तोरण, कडीला लाल दोरा. कुलूप मात्र नवं, जाडजूड.

"देवीचा दरवाजा," श्रावणी म्हणाली, जसं काही प्रत्येक गोदामाला असतोच.

गोष्ट अशी. गावदेवीचं देऊळ शाळेच्या शेजारी, म्हणजे भिंतीच्या पलीकडे. जत्रेला पालखी गावातून निघून पूर्वीपासून शेताच्या बांधावरून देवळात जायची. त्याच बांधावरून पोरं शाळेत जायची. मग बांधावर गोदाम आलं. पहिल्या वर्षी कंपनीने पालखीला रस्त्याने जा म्हणून सांगितलं. गावाने पालखी नेली आणि कंपनीच्या मोठ्या फाटकासमोर खाली ठेवली. ढोल वाजत राहिले. आतला ट्रेलर बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. संध्याकाळच्या आत साहेबांनी भिंत फोडून दार लावायचं कबूल केलं. तेव्हापासून वर्षातून एक दिवस हे दार उघडतं. समोरच्या बाजूला दुसरं तसंच. मधला रस्ता कंपनी स्वतः पाण्याने धुऊन घेते, फोर्कलिफ्ट थांबतात, आणि पालखी दोन गोदामांमधून सरळ देवळात.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. सिमेंटचा स्वच्छ, रुंद, सरळ रस्ता. त्याच्या टोकाला दुसरं शेंदरी दार. त्याच्यामागे शाळेची कौलं.

माझं डोकं सणकलं. जे गाव देवीसाठी एवढा मोठा धंदा दिवसभर थांबवू शकतं, ते गाव पोरीचा पाय मोडल्यावर विचारतं की सायकल कडेला का घेतली नाही. हे मी श्रावणीला मोठ्याने म्हटलं. ती म्हणाली, हे मना कशाला सांगते? नानाला सांग.

नाना

हिराजी नाना सत्तरीचे, पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, गुडघे दुखरे. बंगल्याच्या ओटीवर झोपाळा. आम्ही दोघी, आणि शाळा सुटल्यावर आलेल्या नसीम मॅडम. चहा आला, खारी आली. मी सभेत बोलते तसं बोलले. नाना ऐकत राहिले आणि झोपाळा थांबला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दार देवीच्या नावाने मागितलंय, शब्द देवीपुरता आहे. पोरं आत सोडली आणि कोणाला काही झालं तर कंपनी कोणाचा गळा धरणार? माझा. मॅनेजर आधीच म्हणतो, आत कॅमेरे आहेत, माल आहे, चोरी झाली तर काय. आणि जमीन माझी असली तरी वापर त्यांचा.

मी वाद घातला. मॅडमनी माझ्या पायावर हलकेच पाय ठेवला.

तेवढ्यात श्रावणी उठली, झोपाळ्याची कडी धरून तो थांबवला. नाना तिच्याकडे बघतच राहिले. या घरात तिच्या घरचं कोणी असं करत नसावं.

"आजा, देवी वर्षातून एकदा चालते," ती म्हणाली. "ती पण पालखीत. आमी रोज चालताव."

नानांनी तिच्या पायाच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, पाय दुखतो का. ती म्हणाली, थंडीत. मग नानांनी एक जुनी गोष्ट काढली. ते लहान असताना रोज सकाळी घरातलं पहिलं जास्वंदीचं फूल कोणीतरी बांधावरून देवीला घालून यायचं. बहुतेक शाळेत जाणारं पोरच, कारण देऊळ वाटेत. गोदाम आलं तशी ती रीत सुटली. कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"फूल परत चालू करतो," नाना म्हणाले. "मॅनेजरला मी सांगतो. देवीचं काम हाय, न्हाय कोन बोलंल?"

मला हे आवडलं नाही. आजही नाही. रस्ता हा मुलांचा हक्क आहे, त्याला देवीची चिठ्ठी कशाला लागते? परत येताना मॅडमना हे म्हटलं. त्या म्हणाल्या, "बेटा, पहले मुलगी शाळेत येऊ दे. मग तू हक्काचं बोल, मी टाळ्या वाजवीन."

फूल

सोमवारी सकाळी शेंदरी दारापाशी गेले तर बारा-तेरा पोरं, प्रत्येकाच्या हातात फूल. जास्वंद, कण्हेर, एकाच्या हातात चक्क कोबीचं फूल. ते परत पाठवलं. सुनंदावहिनी ड्युटीला निघण्याआधी आलेल्या, पदर तोंडात धरून उभ्या. श्रावणी गणवेशात, दोन महिन्यांनी. गणवेश आखूड झाला होता.

कुलूप उघडलं. आतला वॉचमन, मिशावाला, बहुधा बिहारचा, मोठ्या इमानदारीने प्रत्येकाचं फूल बघून आत सोडत होता. त्याला सांगितलं होतं तसंच. आफरीनचे हात रिकामे होते.

तो म्हणाला, फूल?

आफरीन म्हणाली, मी रस्त्याने जाते. सहजपणे म्हणाली, जसं काही तिने आधीच ठरवलं होतं. आणि वळलीसुद्धा. आत गेलेली श्रावणी परत बाहेर आली आणि तिच्या मागे निघाली. वहिनींच्या तोंडून आवाज निघाला. ज्या रस्त्याने मुलीला पाठवायचं नव्हतं त्याच रस्त्याकडे मुलगी आपल्या पायाने चालली होती. कोणीतरी आफरीनला म्हणालं, घे गं एक, काय होतंय. आफरीन खाली बघत राहिली. तिला नको होतं, आणि ते तिला सगळ्यांसमोर सांगायचंही नव्हतं. मी तोंड उघडलं. नशीब, माझ्याआधी नाना बोलले. ते मागे काठी टेकून उभे होते, मला दिसलेच नव्हते.

"पालखीच्या मागं कोन चाललाय ते कदी विचारलं का रे कुनी?" त्यांनी वॉचमनला विचारलं. वॉचमनला मराठी कळलं की नाही माहीत नाही, आवाज कळला. मग नानांनी श्रावणीच्या हातातलं जास्वंद काढून घेतलं. "फूल मी नेतो. तुमी मागून या. सगली."

आणि सत्तरीचा तो म्हातारा, दुखरे गुडघे घेऊन, एक फूल हातात धरून, दोन गोदामांच्या मधून पुढे निघाला. मागे पोरं. श्रावणी लंगडत, आफरीन तिच्या बाजूला, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. फोर्कलिफ्ट थांबल्या होत्या. त्यातली एक आफरीनचे वडील चालवत होते. त्यांनी उतरून डोक्याची टोपी सरळ केली आणि उभे राहिले. मी मध्यावर वळून पाहिलं. वहिनी दारातच होत्या, आत आल्या नाहीत, पण पदर सोडला होता.

वाटेत दुसरीतली ती मुलगी मला म्हणाली, ताई, इथं गटार न्हाय. मी म्हटलं, बघितलंय.

पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. घंटा व्हायला अजून वेळ होता, पोरांना वेळेचं काय करावं कळेना. खेळायला लागली.

परत आल्यावर

इथे थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही.

गेल्या आठवड्यात नसीम मॅडमचा फोन आला. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते मुंबईला मुलीकडे आहेत. फूल न्यायला कोणी नाही म्हणून वॉचमनने दार उघडलं नाही. त्याची चूक नाही, त्याला सांगितलंय तसं तो करतो. पोरं रस्त्याने जातायत, पुढे आफरीन. श्रावणी घरी आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. मॅनेजरला मी फोन केला. तो सभ्यपणे बोलला. नाना आले की बघू, म्हणाला.

म्हणजे एका मुलीचं नववीचं वर्ष एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर आणि डोळ्यांवर उभं आहे. याला मी रस्ता म्हणणार नाही. आम्ही पंचायतीकडे आणि कंपनीकडे मागणी लावून धरलीय: दोन्ही दारं शाळा भरताना आणि सुटताना रोज उघडी, फुलाशिवाय, नानांशिवाय, कोणाच्या कृपेशिवाय. नसीम मॅडमनी टाळ्या वाजवायचा शब्द दिलाय, त्याची मला आठवण आहे. येत्या सोमवारी मी परत वळला चाललेय, या वेळी बूट घालून.

पण तुमच्याकडे एक काम आहे, आणि ते वळचं नाही.

तुम्ही ठाण्यात राहता, पुण्यात राहता, नाशकात राहता. तुमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक लहान फाटक आहे. बाहेरची माणसं आडवाट करतात म्हणून सभेत ठराव करून तुम्ही त्याला कुलूप लावलंय. गणपतीच्या मिरवणुकीला तुम्ही ते उघडता. पलीकडच्या चाळीतली पोरं रोज सकाळी तुमच्या भिंतीला वळसा घालून मोठ्या रस्त्याने शाळेत जातात. तुम्ही त्यांना बाल्कनीतून पाहिलंय.

किल्ली कोणाकडे आहे ते आत्ता उठून विचारा. उद्या शाळेच्या वेळी ते फाटक उघडा, आणि पोरं निघून जाईपर्यंत तिथे उभे राहा.